कोरी कार्डं

मारिसोल रेंटेरियाने राजीनामा दिला तो मंगळवार होता. रविवारच्या जेवणापर्यंत आबेगलेन घरातल्या एकानेही तो शब्द उच्चारला नव्हता. ‘मारिसोलचं ते’, ‘मंगळवारचं ते’, ‘झालं ते’ असंच बोलणं चालू होतं. सहा वर्षांपूर्वी वर्नरच्या बायकोच्या, व्हेरेनाच्या दुखण्याबद्दलही या घरात असंच बोललं गेलं होतं, ती जाईपर्यंत.

चिठ्ठी चार ओळींची होती. बारा वर्षं काम शिकवल्याबद्दल आभार. दोन आठवड्यांनी डॉजव्हिलजवळच्या नव्या चीज कारखान्यात रुजू होते आहे. तोवर नेहमीसारखी येईन. काही चुकलं असेल तर माफ करा. डेलने ती वाचून वडिलांकडे दिली आणि वर्नरने ती वाचून, घडी घालून, शर्टाच्या खिशात ठेवली. रोज शर्ट बदलला तरी चिठ्ठी नव्या खिशात जात होती, हे फक्त त्याच्या बहिणीच्या लक्षात आलं होतं.

विस्कॉन्सिनमध्ये परवाना असलेला माणूस हजर नसेल तर चीजच्या कढईखाली आच लावता येत नाही. आबेगलेनांकडे असे परवाने दोन. एक मारिसोलचा. दुसरा वर्नरचा, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी वर्नरचे गुडघे त्याला अर्धा तासही उभं राहू देत नव्हते. मारिसोल गेली की कारखाना बंद, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. शिवाय कारखाना विकत मागणारा मोठ्या डेअरीवाल्यांचा कागद उन्हाळ्यापासून डेलच्या टेबलावर पडून होता. नाव घेऊ, तळघर घेऊ, तांब्याच्या कढया नकोत. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. घरात मतं तीन, वर्नरचं, त्याची धाकटी बहीण लेओनाचं आणि मुलगा डेलचं. दोन मतं पुरेशी होती.

*

डेलने मुलीला मॅडिसनहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. क्रिस्टन अठ्ठावीस वर्षांची, एका विमा कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात. “तुमच्या वयाच्या लोकांना नोकरीत हवं तरी काय असतं, तेवढं लिहून आण,” तो फोनवर म्हणाला होता. “एका पानात बसव.”

चर्चहून सगळे परतले तेव्हा ती पान घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. किसलेल्या बटाट्याची रोस्टी तव्यावर होती, सॉसेज झाकून ठेवलेले होते. आजोबांनी डोळे मिटून रोजची प्रार्थना म्हटली. गवताबद्दल, गाईबद्दल, दुधाबद्दल, मिठाबद्दल आणि अग्नीबद्दल देवाचे आभार. फ्रिडोलीन पणजोबांनी स्वित्झर्लंडहून आणलेली ही प्रार्थना क्रिस्टनला पाठ होती. त्यात माणूस कुठेच येत नाही, हे मात्र तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

“पान आण इकडे,” लेओना म्हणाली. छत्तीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवलेली बाई. कागद हातात आला की तिचा दुसरा हात आपोआप पेन्सिल शोधू लागे. “सात मुद्दे. पहिला, कामाला अर्थ हवा. चीजला काय असतो गं?”

“वास,” डेल म्हणाला.

“बाबा, तूच मला आणायला सांगितलंस.”

“बरं, बरं. पुढे वाच, आत्या.”

“दुसरा, वेळेत मोकळीक. हे गाईंना कोण सांगणार? तिसरा, शिकायला आणि पुढे जायला वाव. पुढे कुठे जायचं? पुढे तळघर आहे. चौथा, वरिष्ठांकडून वरचेवर अभिप्राय. म्हणजे काय?”

“म्हणजे काम कसं चाललंय ते सांगायचं, आत्याआजी. चांगलं आहे, वाईट आहे, काय सुधारायचं.”

“ते तर वर्नर सांगतोच. कार्डावर.”

“सांगतो,” वर्नर म्हणाला आणि रोस्टीचा करपलेला कडेचा तुकडा आधी खाल्ला, कारण तो त्याला सगळ्यात जास्त आवडे.

क्रिस्टनला ती कार्डं चांगली ठाऊक होती. चीजचं चाक तळघरात साठ दिवस बसलं की मंगळवारी आणि शुक्रवारी आजोबा पोकळ सळईने त्यातून नमुना काढत, वास घेत, चीजमधली भोकं, म्हणजे ‘डोळे’, तपासत, चाखत. मग एका पांढऱ्या कार्डावर तारीख घालून खाली दोष लिहीत आणि ते कार्ड चीज करणाऱ्याच्या कप्प्यात सरकवत. तोंडाने काही बोलत नसत. पणजोबांची पद्धत. क्रिस्टनने विसाव्या वर्षी एक उन्हाळा कढईवर काम केलं होतं. पहिल्या कार्डावर होतं, “दह्याचे दाणे फोडलेस. लक्ष कुठे होतं?” दुसऱ्यावर, “आंबट. घाई.” तिसरं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला परत गेली आणि पुन्हा आली नाही. तिच्या बापाने एकोणिसाव्या वर्षी तेच केलं होतं, फक्त तो मॅडिसनऐवजी दुधाच्या ट्रकमध्ये जाऊन बसला होता, आणि अजून तिथेच होता.

“मला वाटतं, चौथा मुद्दा महत्त्वाचा आहे,” ती म्हणाली.

“मला वाटतं पाचवा,” डेल म्हणाला. “हुद्दा. तिला कारखान्याची व्यवस्थापक करू. दारावर पाटी लावू.”

“कुठल्या दारावर? दार एकच आहे,” लेओना म्हणाली.

“तिला विचारलंत का कुणी? मारिसोलला?”

डेलने सॉसेजची बशी पुढे ओढली. शेवटी लेओना म्हणाली, “दोन वाजता कॉफीला बोलावलंय. तेव्हा तू विचार. तुमच्या भाषेत.”

*

जेवणानंतर डेल मागच्या पायरीवर जाऊन बसला. लेओना शाल घेऊन मागोमाग आली आणि त्याच्या शेजारी टेकली. टेकडीखाली मक्याची शेतं कापून झाली होती. कारखान्याचं धुराडं रविवार असल्यामुळे गार होतं.

“तू विकायच्या बाजूचा आहेस,” ती म्हणाली.

“मी सत्तावन्न वर्षांचा आहे, आत्या. क्रिस्टन येणार नाही. मारिसोल गेली तर दुसरं माणूस तयार व्हायला सात-आठ वर्षं लागतील. तोवर बाबा...”

“बोल की. तोवर बाबा नसतील. मीही नसेन. मी काही रागावत नाही.” तिने शाल सारखी केली. “मी तुझ्याबरोबर आहे. स्वच्छ संपवू. कुणी दारात येऊन कुलूप लावण्यापेक्षा आपणच लावू.”

हेच ऐकायला तो चार महिने थांबला होता. दोन मतं झाली. आता हलकं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

“काय झालं?”

“काही नाही. बारा वर्षं मी दूध घेऊन येतो. हिवाळ्यात रस्ता गोठलेला असतो. वळणावर आलो की पहिल्यांदा तिची ती हिरवी गाडी दिसते. आधीच आलेली असते. एकदाही असं झालं नाही, की मी आलो आणि ती गाडी नाही. ती दिसली की मला वाटतं, चला, आजचा दिवस ठीक जाणार.”

“हे तिला सांगितलंस कधी?”

“काय?”

“हेच, गाडीचं.”

“असं कोण सांगतं, आत्या? येडं म्हणेल ती मला.”

लेओनाने पुतण्याकडे पाहिलं. त्याचा कागद तिने तिसरीत तपासला असता तर उत्तर बरोबर, पण पान चुकीचं, असं लिहिलं असतं. ती काही बोलली नाही. तीही आबेगलेनच होती.

*

मारिसोल दोनला पाच मिनिटं कमी असताना आली. आईने केलेले मक्याच्या पिठाचे तमाले फॉइलमध्ये गुंडाळून आणले होते. “गरम आहेत, बाई,” तिने लेओनाच्या हातात दिले. ती लेओनाला अजून ‘बाई’च म्हणे. आठव्या वर्षी, वडील शेजारच्या गोठ्यात धारा काढायला लागले तेव्हा, इंग्रजीचा एक शब्द येत नसताना ती लेओनाच्या वर्गात येऊन बसली होती. आता तेहतीस वर्षांची होती. मिठाच्या पाण्याने बोटांची टोकं कायमची पांढरी झालेली.

सफरचंदाचा टार्ट कापला गेला. लेओनाने सगळ्यांना वाढलं आणि मुद्दाम वर्नरच्या समोर बसली, त्याचा चेहरा दिसावा म्हणून.

डेलने सुरुवात केली. पाटी, हुद्दा, हिवाळ्यात दोन आठवडे जास्त सुट्टी. मारिसोल मान हलवत ऐकत होती.

“खूप केलंत, डेल. खरंच. पण व्यवस्थापक होऊन मी कुणाची व्यवस्था करणार? आम्ही चौघं तर आहोत.”

“मग वेळ?” क्रिस्टनने विचारलं. “सकाळी उशिरा सुरुवात?”

“ते चाललं असतं. आना आठ वर्षांची आहे, तिच्या शाळेच्या बसला मी कधीच घरी नसते. पण ते मी मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतं. बापरे, मागच्या ऑगस्टमध्ये पप्पांच्या ऑपरेशनला मी चार दिवस मागितले, तर वर्नर स्वतः कढईवर उभे राहिले. या गुडघ्यांवर. मी आयुष्यात विसरणार नाही ते.” ती वर्नरकडे वळली. “माझ्या पप्पांच्या मालकाला पंधरा वर्षांत त्यांचं नाव नीट घेता आलं नाही. तुम्ही मला हात धरून दही कापायला शिकवलंत. मी तुमच्यावर रागावून चालले नाहीये.”

“मग का?” डेल म्हणाला. “तिकडे काय आहे असं?”

तिने काटा बशीत ठेवला.

“तिकडे रोज सकाळी आठ वाजता सगळे एका टेबलाभोवती उभे राहतात. आदल्या महिन्याचं चीज कापतात. सगळे चाखतात. जी मुख्य आहे ना, ती सांगते, हे छान झालंय, हे फसलंय, कशामुळे फसलं, तुम्हाला काय वाटतं? मी मुलाखतीला गेले तेव्हा मलाही चाखायला दिलं आणि विचारलं. मी बोलले. अर्धा तास बोलत होते.” ती थोडी हसली. “गाडीत बसल्यावर मला रडायला आलं. मी इतक्या वर्षांत कुणाशी चीजबद्दल बोललेच नव्हते.”

“पण तुला कार्डं येतात,” लेओना म्हणाली.

“येतात, बाई. पण कोरी.”

“कोरी?” क्रिस्टनने मान वर केली.

“नुसती तारीख, खाली काही नाही. पहिली पाच वर्षं भरून यायची. मीठ जास्त, डोळे लहान, दाणे ओले. मी रडायचे, मग तेच सुधारायचे. नंतर व्हेरेनाबाई आजारी पडल्या आणि हळूहळू शब्द कमी व्हायला लागले. त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी पूर्णच थांबले. चार वर्षं झाली. बुटाच्या खोक्यात ठेवलीत मी सगळी, चारशेच्या वर आहेत.” तिने वर्नरकडे न पाहता पुढे सांगितलं. “मला कळत होतं. दुःखात माणसाच्या तोंडाची चव जाते. पप्पांचंही आजी गेल्यावर तसंच झालं होतं. मला वाटलं, चाखत नसतील आता. सवयीने तारीख टाकत असतील. मी काही बोलले नाही, कारण त्यावर काय बोलायचं? पण मी तेहतीस वर्षांची आहे, क्रिस्टन. अजून तीस वर्षं हे काम करायचंय मला. मी चांगलं करते की वाईट, हे सांगणारं कुणीतरी नको?”

वर्नरने कप खाली ठेवला. तो गोंधळला होता. हे त्याच्या चेहऱ्यावर लेओनाने शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

“मी प्रत्येक चाक चाखलंय,” तो म्हणाला.

“मग लिहिलं का नाहीत?”

“काय लिहायचं?”

“काहीही!”

“पण लिहिण्यासारखं काही नव्हतंच.”

डेलला वाटलं, म्हाताऱ्याने आता सगळं बिघडवलं. क्रिस्टनने डोळे मिटले. मारिसोलने मान खाली घातली, कारण तिला उत्तर मिळालं होतं आणि ते तिला वाटलं होतं तसंच होतं.

लेओनालाच तेवढं कळलं. ती इतक्या झटकन उठली, की खुर्ची भिंतीला लागली.

“वर्नर. बाबांनी तुला किती कोरी दिली होती?”

“तीन,” वर्नरने लगेच सांगितलं. “एकसष्टचा मे. सदुसष्टचा सप्टेंबर. आणि बाबा गेले त्या वर्षी जूनमध्ये एक.”

“किती वर्षांत?”

“एकोणीस.”

“आणि तिसरं मिळालं तेव्हा तू काय केलंस, ते सांग यांना. सांग!”

वर्नर टेबलक्लॉथकडे बघत म्हणाला, “मी नदीपर्यंत चालत गेलो. मग परत आलो. व्हेरेनाला दाखवलं. तिने केक केला.”

लेओना मारिसोलकडे वळली. “अगं, कार्डावर दोष लिहायचे असतात. फक्त दोष. दोष नसला तर कोरं. याच्यापलीकडे आमच्या घरात शाबासकीच नाही. माझ्या बापाने एकोणीस वर्षांत तीनदा दिली. आणि या माणसाने तुला...”

“चारशे,” क्रिस्टन हळूच म्हणाली.

“आजोबा,” तिनेच पुढे विचारलं, “हे मारिसोलला माहीत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“सगळ्यांना माहीत असतं ते.”

“कुणाला? मला नव्हतं माहीत. बाबा, तुला?”

डेलने मान हलवली. “मला वाटलं, कार्डं संपत आली म्हणून वाचवून लिहितात.”

ते अगदी साधं होतं. कोऱ्या कार्डाचा अर्थ या घरात फक्त दोघांना ठाऊक होता, ज्याला ती मिळाली होती त्याला आणि ज्या बहिणीने तो केक खाल्ला होता तिला. बाकी कुणाला कधी कोरं कार्ड मिळालंच नव्हतं, मग अर्थ कुठून कळणार? वर्नरला वाटत होतं, की चार वर्षं तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी या मुलीचं कौतुक करतो आहे, इतकं, की बाप असता तर उधळपट्टी म्हणाला असता. ती काही बोलत नाही, म्हणजे तीही रीत पाळते आहे, शहाणी आहे, असं तो समजला होता.

मारिसोलचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. “चार वर्षं मला वाटलं, तुम्ही मला विसरलात.”

“मी?” वर्नर म्हणाला. “मी मंगळवारची वाट बघतो.”

मग तो टार्टकडे पाहू लागला.

डेल खुर्चीत पुढे सरकला. “शिकागोचा तो दुकानदार दर नाताळात पत्र लिहितो. तुमच्याकडे आता चीज कोण करतं, त्यांना माझा नमस्कार सांगा म्हणून. पाच-सहा पत्रं असतील.”

“कुठे आहेत?” क्रिस्टनने विचारलं.

“फाइलला लावलीत.”

“बाबा!”

“तिने विचारलं नाही कधी!” मग तो मारिसोलला म्हणाला, “आणि तुझी ती हिरवी गाडी. पहाटे वळणावर दिसते ना. ती दिसली की मला बरं वाटतं. एवढंच. येडं म्हणालीस तरी चालेल.”

“नाही म्हणणार,” ती म्हणाली.

“डेल,” लेओना अजून उभीच होती. “मघाशी दिलेलं मत मी परत घेतलं.”

“आत्या, अजून तिने राहते म्हटलेलं नाही.”

“नको म्हणू दे. ती गेली तर दुसरं कुणी शोधू आणि त्याच्याशी आठवड्यातून दोनदा तोंडाने बोलू. ज्या कढईत चारशे वेळा दोष सापडला नाही, ती मी भंगारात देणार नाही.”

क्रिस्टनने आत्याआजीकडे बघून नुसती मान हलवली. दोघी एका बाजूला आल्या होत्या, बहुधा पहिल्यांदाच. डेलला आपण एकटे पडल्याचं कळलं आणि आश्चर्य म्हणजे, पायरीवर जे हलकं वाटायला हवं होतं ते त्याला आत्ता वाटलं.

मारिसोलने मात्र बशी बाजूला सरकवली. “मला आनंद झालाय,” ती म्हणाली. “खूप झालाय. पण खोक्यातली कार्डं आता काही वेगळी बोलणार नाहीत, वर्नर. पुढेही कोरी आली तर मी रोज मनातल्या मनात भाषांतर करत बसू का? मला ऐकायचंय, आणि मलाही बोलायचंय.”

“मला तसं येत नाही,” वर्नर म्हणाला.

“मलाही दही कापता येत नव्हतं.”

वर्नर टेबलाचा आधार घेऊन उठला. “खाली येतेस?”

*

तळघराच्या चौदा पायऱ्या. वर्नर एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरला. मारिसोल दोन पायऱ्या पुढे राहिली, तो पडला तर पुढे पडेल म्हणून. त्याला ते कळलं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

फळ्यांवर चाकं ओळीने बसलेली होती. वर्नर तिसऱ्या रांगेत थांबला. चाकावर ऑगस्टमधली तारीख होती.

“हे तू रजेवर होतीस तेव्हाचं,” तो म्हणाला. “माझं.”

त्याने बोटाच्या पेराने चाकावर टकटक केली, कान लावला, मग सळई घातली, फिरवून बाहेर काढली आणि तिच्यापुढे धरली. नमुना चाखण्यासाठी आजवर त्याने कुणाला दिला नव्हता. बापाने त्याला कधी दिला नव्हता. बाप गेला चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर वर्नरने केलेल्या चीजमध्ये काय चुकलं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. जे चांगलं झालं तेही कुणी सांगितलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं तो मनाशी धरून चालला होता, की असंच असतं.

“चाख.”

मारिसोलने तुकडा मोडला, बोटांत चुरला, नाकाशी नेला, मग जिभेवर ठेवला. डोळे मिटून उभी राहिली. वरून बशा धुतल्याचा आवाज येत होता.

“चांगलं आहे,” ती म्हणाली.

“मी तुला कधी खोटं लिहिलं नाही.”

तिने आणखी एक कण जिभेवर ठेवला. मग म्हणाली, “दाणे ओले असताना उपसलेत.”

“किती आधी?”

“दहा मिनिटं. बारा असतील.”

“गुडघे दुखत होते.”

“गुडघे चवीत लागत नाहीत. बारा मिनिटं लागतात. आतून थोडं कडवट झालंय, आणि डोळे एका बाजूला मोठे, दुसऱ्या बाजूला नाहीतच. नाताळपर्यंत चीर जाईल.” बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला, जसा तो डॉजव्हिलला झाला असेल. “तुम्ही तेव्हा डेलला हाक मारायला हवी होती. नुसतं ढवळत राहायचं होतं, ते त्यालाही जमलं असतं. पुढच्या वेळी मी शेजारी स्टूल ठेवते. तुम्ही बसून सांगायचं, मी ढवळीन.”

“पुढच्या वेळी?”

तिला आपण काय बोललो ते कळलं. तिने हातातला उरलेला तुकडा पाहिला.

“हो,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी. उद्या सकाळी मी त्यांना फोन करून कळवते. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आपण दोघांनी इथे उभं राहायचं. आणि आनाच्या बसला मी थांबणार, मग येणार.”

वर्नरने खिशात हात घालून चिठ्ठी काढली आणि तिला दिली. तिने ती न उघडताच सवयीने ॲप्रनचा खिसा चाचपला. आज ॲप्रन नव्हता, म्हणून मुठीतच धरली.

मग तिने उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि मान किंचित वाकडी केली. वर्नर बघत होता. गेली बारा वर्षं तिला असं मान वाकडी करताना त्याने पाहिलं होतं. काहीतरी नेमकं सापडलं, की ती असं करी.

“अजून काय?” त्याने विचारलं. “सांग.”

“मीठ,” ती म्हणाली.

“जास्त झालंय?”

“नाही. मीठ फार सुंदर पडलंय. आधी लागत नाही, गिळल्यावर कळतं. माझं कधीच असं होत नाही. कसं करता ते मला शिकायचंय अजून.”

वर्नर उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. एक हात त्याने फळीवर ठेवला, परत काढला, सळई पुसली, ती पुसलेलीच होती.

“कुणी असं म्हणालं,” त्याने अखेर विचारलं, “तर आपण काय म्हणायचं असतं?”

“थँक्यू म्हणायचं असतं, वर्नर.”

“थँक्यू,” वर्नर म्हणाला.